समुद्रावरचा वारा आणि लाट, दोन्हीची वीज उपग्रहावरून कशी मोजायची: बडोद्यात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी बडोद्यातल्या घरी बसून सौराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्राचा उपग्रह डेटा बघतेय, वारा किती, लाट किती, आणि दोन्हीतून मिळून वीज किती निघू शकेल. कॉलेजची मुलं विचारतात, नात्यातले विचारतात, गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेता घेता शेजारचे काकाही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

बडोद्याला समुद्र नाही, मग इथे बसून समुद्र कसा मोजता?

समुद्रात एक मोजणीचं यंत्र उभं करायचं तर खर्च कोटींमध्ये जातो आणि ते बिचारं एकाच जागेचं सांगतं. नीवे म्हणजे चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था, त्यांनी २०१७ मध्ये खंभातच्या आखातात पिपावावजवळ समुद्रात लायडार बसवला, लेझरने वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजणारं यंत्र, आणि तो डेटा सोन्यासारखा आहे पण आहे एका ठिपक्याचा. गुजरातचा किनारा हजार किलोमीटरच्या वर, मग कच्छ, द्वारका, वेरावळ, दीव, दमण यातली चांगली जागा कुठली हे ठरवायचं तर आधी सगळीकडे नजर टाकावी लागते आणि ते काम उपग्रह करतो. डेटा बराचसा फुकट आहे, इस्रोचा मोसडॅक पोर्टलवर मिळतो, युरोपचा कोपर्निकसवर. इंटरनेट आणि बरा लॅपटॉप असला की बडोदा काय आणि वेरावळ काय.

उपग्रहाला पंखा लावलेला नसतो, त्याला वारा कळतो कसा?

दुपारी सुरसागरच्या काठावर उभं राहून बघा. वारा नसला की पाणी काचेसारखं असतं आणि झुळूक आली की तेवढ्याच पट्ट्यात पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात, पाण्याचा रंगच बदलतो. तुम्हाला वारा अंगाला लागत नाही तरी पाण्याकडे बघून कळतं की तिकडे वारा आहे, बस हेच. स्कॅटरोमीटर नावाचं रडार तिरक्या कोनातून मायक्रोवेव्ह सोडतं, समुद्रावर काही सेंटिमीटरच्या त्या सुरकुत्या जेवढ्या जास्त तेवढा सिग्नल जास्त परत येतो, आणि वेगवेगळ्या दिशांनी बघितल्यामुळे वाऱ्याची दिशाही मिळते. अमेरिकेचं क्विकस्कॅट १९९९ ते २००९ चाललं, युरोपचं अ‍ॅस्कॅट मेटऑप उपग्रहांवर २००६ पासून आहे, आपलं ओशनसॅट-२ २००९ मध्ये गेलं, स्कॅटसॅट-१ २०१६ मध्ये आणि ओशनसॅट-३ नोव्हेंबर २०२२ मध्ये. म्हणजे जोडून बघितलं तर पंचवीस वर्षांचा वारा हातात आहे, वाऱ्याच्या हिशोबाला ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि लाटेची उंची?

ती अल्टिमीटर देतं. ते सरळ खाली रडारचा ठोका मारतं आणि परत येणारा आवाज ऐकतं असं समजा. पाणी सपाट असेल तर सगळा ठोका एकदम परत येतो, लाटा उंच असतील तर माथ्यावरून आधी आणि खळग्यातून नंतर येतो, म्हणजे पसरून येतो, आणि किती पसरला त्यावरून लाटेची उंची काढतात. ही उंची म्हणजे सर्वात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, सगळ्या लाटांची नाही, हे लक्षात ठेवा. अशी अल्टिमीटर असलेले उपग्रह म्हणजे जेसन मालिका, सेंटिनल-३, आणि २०१३ मध्ये इस्रो आणि फ्रान्सने मिळून सोडलेलं सरल, त्यावर आल्टिका नावाचं अल्टिमीटर आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. अल्टिमीटर उंची देतं पण दोन लाटांमध्ये किती सेकंद गेले ते सरळ देत नाही, आणि त्या सेकंदांशिवाय लाटेची ऊर्जा काढताच येत नाही. मग उंची आणि परत आलेल्या सिग्नलची ताकद यांवरून अंदाजाची सूत्रं वापरतात नाहीतर मॉडेलमधून कालावधी घेतात. २०१८ मध्ये चीन आणि फ्रान्सने सोडलेलं सीएफओसॅट लाटांची लांबी आणि दिशाही मोजतं, त्यामुळे आता थोडा आधार मिळालाय.

सूत्र काय आहे, सोप्यात सांगा ना

वाऱ्याची ऊर्जा वेगाच्या घनावर जाते. सेकंदाला ४ मीटर वारा असेल तर एका चौरस मीटरमधून साधारण ३९ वॅट जातात, ८ मीटर झाला की ३१४, वेग दुप्पट आणि ऊर्जा आठपट. लाटेचं असं आहे की उंचीचा वर्ग करा, कालावधीने गुणा आणि त्याच्या अर्धे करा, लाटेच्या रुंदीच्या दर मीटरला तेवढे किलोवॅट, म्हणजे २ मीटर उंच आणि ८ सेकंदांची लाट असेल तर १६ किलोवॅट. हे सूत्र खोल पाण्याचं आहे हं, ८ सेकंदांच्या लाटेची लांबी १०० मीटरच्या आसपास असते आणि खोली त्याच्या निम्मी तरी पाहिजे. खंभातच्या आखातात बहुतेक ठिकाणी एवढी खोली नाहीच, तिथे हे सूत्र डोळे मिटून लावलेले रिपोर्ट मी बघितलेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

यातून दुसरी गोष्ट निघते, ती म्हणजे चूक पण घनाने वाढते. उपग्रहाचा वारा १० टक्के जास्त दाखवला गेला तर ऊर्जा ३३ टक्के जास्त दिसते, लाट १० टक्के जास्त तर २१ टक्के. म्हणून मी बोयाच्या, म्हणजे समुद्रात तरंगत मोजणाऱ्या यंत्राच्या, मोजणीशी जुळवून बघितल्याशिवाय कुठलाच आकडा कुणाला देत नाही.

महिन्याची सरासरी घेऊन केलं तर नाही का चालणार?

नाही. समजा अर्धा वेळ ४ मीटर वारा आणि अर्धा वेळ १२ मीटर, सरासरी ८. सरासरीवरून काढाल तर ३१४ वॅट येतात, आणि तासातासाने काढून मग सरासरी घ्याल तर ५४९. एवढा फरक फक्त गणिताच्या क्रमाने पडतो, आधी घन करा मग सरासरी.

उपग्रह १० मीटरवरचा वारा देतो, पवनचक्की तर १०० मीटरच्या वर असते?

याचं उत्तर उत्तरायणाच्या दिवशी बडोद्यातल्या प्रत्येक गच्चीवर मिळतं. पतंग गच्चीपासून थोडी वर जाईपर्यंत ठुमके मारून मारून हात दुखतो, एकदा वर गेली की ढील देत बसायचं, ती स्वतःच खेचते. खाली घरं, झाडं, पाण्याच्या टाक्या वाऱ्याला अडवतात, वर मोकळा वारा. समुद्रावर अडवायला फक्त लाटा असतात त्यामुळे उंचीप्रमाणे वारा जमिनीवर वाढतो तेवढा तिथे वाढत नाही, पण वाढतो जरूर.

हिशोबाला एक घातांक वापरतात, उंची जितकी पट झाली त्याचा तेवढा घात घेतला की वारा किती पट झाला ते मिळतं. पुस्तकात नेहमी एक सप्तमांश म्हणजे ०.१४ दिलेला असतो, समुद्रावर ०.११ च्या आसपास जास्त बरोबर बसतो. दिसायला किरकोळ फरक आहे ना? १० मीटरवर ७ चा वारा असेल तर ०.११ ने १०० मीटरवर ९ येतो आणि एक सप्तमांशाने ९.७, आणि ऊर्जेत तोच फरक २५ टक्के होऊन बसतो. शिवाय उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरची हवा थंड समुद्रावर सरकते तेव्हा हवेचे थर नीट मिसळत नाहीत आणि एकच घातांक वर्षभर चालत नाही. पिपावावच्या लायडारची किंमत इथे कळते, त्याने वेगवेगळ्या उंचीवर प्रत्यक्ष मोजलंय म्हणून आपला घातांक तपासता येतो.

वाऱ्याचे वॅट आणि लाटेचे किलोवॅट, दोन्ही मिळवून टाकले की झाली का एकूण क्षमता?

असं अजिबात करू नका. वाऱ्याचं माप उभ्या चौरस मीटरमधून जाणारी ऊर्जा आणि लाटेचं माप रुंदीच्या मीटरमधून जाणारी, एककच वेगळं आहे, ही बेरीज म्हणजे लिटरमध्ये मीटर मिळवणं. दोन्ही आधी विजेत आणावे लागतात. पवनचक्की निवडा, तिचा वेग-वीज आलेख घ्या, ती ३-४ मीटरला सुरू होते, १२ च्या आसपास पूर्ण भरते आणि २५ ला बंद करतात. लाटेचं यंत्र निवडा, त्याचा उंची आणि कालावधीचा तक्ता असतो, कुठल्या जोडीला किती किलोवॅट. मग प्रत्येक तासाला या जागेवर चक्कीने किती दिली, यंत्राने किती दिली, आता बेरीज करा. निसर्गातली ऊर्जा आणि मशीनमधून निघणारी वीज यांत फार अंतर असतं, वाऱ्याचे तर ५९ टक्क्यांच्या वर काढताच येत नाहीत हा नियमच आहे.

वारा असतो तेव्हाच लाट असते, मग दोन्ही एकत्र करून फायदा काय?

हाच खरा प्रश्न आहे आणि माझं सगळं काम याच्याभोवती फिरतं.

समुद्रात दोन जातीच्या लाटा असतात. एक जागच्या वाऱ्याने उठलेली, वारा पडला की काही तासांत तीही बसते. दुसरी लांबून आलेली, तिला इंग्रजीतून आलेला शब्द स्वेल असाच आम्ही वापरतो. दक्षिण महासागरात वादळ झालं की तिथून निघालेली लांब लाट दिवसाला हजारेक किलोमीटर चालत आठवडाभराने अरबी समुद्रात पोचते, आणि तेव्हा इथे वारा आहे की नाही याच्याशी तिचं काही घेणंदेणं नसतं. अशी लाट ८० सेंटिमीटरच असेल पण १३ सेकंदांची, तरी मीटरला ४ किलोवॅट देते, उलट जागच्या वाऱ्याने उठलेली १ मीटरची ५ सेकंदांची लाट अडीचच देते. हिवाळ्यात अरबस्तानाकडून शमाल वारे सुटतात त्यांचीही स्वेल आपल्या पश्चिम किनाऱ्याला येते, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्यावर चांगलं काम केलंय.

आता पोर्तुगाल किंवा आयर्लंडसारख्या ठिकाणी अटलांटिकची स्वेल वर्षभर येत राहते, वारा पडला तरी लाट चालू, तिथे जोडी जमते. उत्तर समुद्र मात्र कोंडलेला आहे, तिथे वारा आणि लाट हातात हात घालून येतात. आपलं काय? जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्र ढवळून काढतो, वारा भरपूर आणि लाटा ३-४ मीटरच्या, म्हणजे दोन्ही एकाच वेळी शिगेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरला दोन्ही एकदम पडतात. त्यामुळे नुसता वार्षिक आकडा बघून 'दोन्ही मिळून दुप्पट, वर्षभर वीज' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऋतूच्या हिशोबाने आपल्याकडे ही जोडी एकमेकांची उणीव फारशी भरून काढत नाही.

तरी मी हा विषय सोडलेला नाही कारण तासांच्या हिशोबात चित्र वेगळं दिसतं. वारा पडल्यावर लाट काही तास मागे राहते, तेवढा वेळ वीज एकदम शून्यावर जात नाही, वायर आणि सबस्टेशन एकच वापरता येतं, आणि लाटेची यंत्रं पुढे ठेवली तर मागच्या पवनचक्क्यांपाशी पाणी थोडं शांत राहतं. म्हणून मी वर्षाची बेरीज सांगत नाही, वर्षात असे किती तास आहेत की दोन्हीतून मिळून ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी वीज आली, ते मोजते, आणि एकट्या वाऱ्याचे तसे किती तास होते त्याच्याशी लावून बघते. तो फरक म्हणजे जोडीची खरी किंमत. वेरावळसमोरच्या उघड्या समुद्रात आणि आखाताच्या आत हा फरक वेगवेगळा येतो, आत स्वेल पोचता पोचता वाळूच्या उथळ पट्ट्यांवर तिचा जीव जातो.

कावी-कंबोईला पाणी एवढं चढतं की शिवलिंग बुडतं, मग लाटेची वीज तिथेच का नाही काढत?

बडोदेकरांचा सगळ्यात आवडता प्रश्न! स्तंभेश्वर महादेव दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, आम्ही लहानपणी आजीबरोबर जायचो तेव्हा पाणी कसं बघता बघता चढतं ते अजून आठवतं. पण ती भरती आहे, लाट नाही. भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते आणि खंभातचं आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत गेल्यामुळे पाणी आत येईल तसं उंच चढतं, भावनगरकडे तर १० मीटरच्या वर जातं. लाट वाऱ्याची लेक आहे. भरतीची वीज हा वेगळा विषय, तिचं वेळापत्रक शंभर वर्षं आधी सांगता येतं, आणि उघड्या समुद्राच्या लाटा त्याच आखातात शिरेपर्यंत थकलेल्या असतात. म्हणजे भरतीला जी जागा उत्तम ती लाटेला कमजोर.

ढग आणि पाऊस असताना उपग्रहाला दिसतं का?

ढगांतून मायक्रोवेव्ह आरपार जाते, रात्रही चालते. जोरदार पाऊस मात्र त्रास देतो, इस्रोच्या स्कॅटरोमीटरची लहर लहान असल्यामुळे त्यांना जास्त आणि अ‍ॅस्कॅटला कमी. डेटात पावसाची खूण दिलेली असते, ती बघून ते आकडे काढून टाका. पण जुलैमधले सगळेच पावसाळी आकडे काढले तर जोराच्या वाऱ्याचे दिवसही निघून जातात, म्हणून किती काढले ते रिपोर्टमध्ये लिहा.

उपग्रह दिवसातून दोनदाच जातो, मधल्या तासांचं काय?

मेटऑप सकाळी साडेनऊ आणि रात्री साडेनऊच्या आसपास जातो. आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, म्हणजे नेमका दुपार-संध्याकाळचा वारा याला दिसतच नाही, आणि अल्टिमीटरचं तर त्याहून कठीण, जेसनची वाट दहा दिवसांनी परत त्याच रेषेवर येते. म्हणून वेगवेगळ्या वेळांचे उपग्रह एकत्र करतात आणि मधली जागा भरायला ईआरए-५ वापरतात, युरोपियन हवामान केंद्राने १९४० पासूनचं हवामान मॉडेल आणि मोजणी मिळून तासातासाने पुन्हा मांडलंय, साधारण ३१ किलोमीटरच्या चौकटीत, लाटांसकट. मी त्याला पाया धरते आणि उपग्रहाने त्याची चूक सुधारते.

इथे माझी एक चूक सांगते म्हणजे तुमचे दिवस वाचतील. सुरुवातीला बोया आणि उपग्रह जुळतच नव्हते, खारा वारा उलट्या वेळेला दिसत होता, तीन आठवडे मी सूत्रं तपासत राहिले. शेवटी कळलं की उपग्रहाची वेळ ग्रीनिचची आणि माझ्या फाइलमधली बोयाची वेळ आपली, साडेपाच तासांचा फरक. वारा आणि लाट एकत्र मोजायची म्हणजे पहिलं काम घड्याळ जुळवणं, बाकी सगळं नंतर.

किनाऱ्याच्या जवळ डेटा चालतो का?

स्कॅटरोमीटरचा एक चौकोन २५ किंवा साडेबारा किलोमीटरचा, त्यात थोडी जमीन आली तरी वारा खोटा दिसतो, म्हणून पहिले वीस-पंचवीस किलोमीटर सोडून द्यावे लागतात. वायर लहान पडावी म्हणून प्रकल्प मात्र नेमके तिथेच हवे असतात! मग सेंटिनल-१ सारख्या उपग्रहाच्या 'सार' (एसएआर) म्हणजे बारकाईने चित्र काढणाऱ्या रडारच्या चित्रांतून एखाद किलोमीटरच्या बारकाईने वारा काढतात. चित्रं कमी मिळतात पण जवळचं दिसतं. आल्टिकाही जुन्या अल्टिमीटरपेक्षा किनाऱ्याच्या जास्त जवळ जाऊ शकतं कारण त्याचा पाण्यावरचा ठिपका लहान आहे.

वादळाचं काय?

मे २०२१ मध्ये तौक्ते दीव-ऊनाच्या मध्ये जमिनीवर आलं, जून २०२३ मध्ये बिपरजॉय जखाऊजवळ. क्षमता काढताना अशा दिवसांनी वीज वाढत नाही, चक्की बंदच असते, पण पाया आणि साखळदंड त्याच दिवसासाठी बांधावे लागतात. उपग्रहाची वाट वादळाच्या नेमक्या डोळ्यावरून जाईलच असं नाही आणि फार जोराच्या वाऱ्यात स्कॅटरोमीटर कमी दाखवतं, त्यामुळे कमाल आकड्यासाठी नुसत्या उपग्रहावर भिस्त ठेवू नका.

मासेमारांच्या होड्यांचं काय होणार?

हे वेरावळकडच्या माणसांनी विचारलं तेव्हा मला खूप बरं वाटलं, कारण नकाशे करणारे हे विसरतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद असते आणि वीज तेव्हाच सर्वात जास्त, पण उरलेले महिने होड्या त्याच पाण्यात असतात. सेंटिनल-१ च्या चित्रांत मोठ्या बोटी ठिपक्यांसारख्या दिसतात, त्यावरून मासेमारीचे पट्टे काढून ते आधीच वगळावेत असं माझं ठाम मत आहे. आणखी एक, दुरुस्तीची बोट दीड मीटरच्या वर लाट असली की माणसं चक्कीवर उतरवू शकत नाही, म्हणजे पावसाळ्यात मशीन बिघडलं तर कदाचित कित्येक आठवडे बंद. म्हणून मी लाटांच्या त्याच डेटातून दुरुस्तीला किती दिवस मिळतील तेही काढते.

भारतात असं काही चालू आहे का?

लाटेचा प्रयोग आपण लवकर केला, केरळात विळिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं होतं, आता बंद आहे. समुद्रातल्या वाऱ्याचं धोरण २०१५ मध्ये आलं आणि जून २०२४ मध्ये केंद्राने ७४५३ कोटींची योजना मंजूर केली, ५०० मेगावॅट गुजरातसमोर आणि ५०० तमिळनाडूसमोर. मन्नारच्या आखाताकडचा वारा आपल्यापेक्षा जोरदार आहे, हे मान्य करावं लागतं. बाहेर बघायचं तर पोर्तुगालच्या अगुसादौराला २००८ मध्ये पेलॅमिस ही लाटेची यंत्रं काही महिने चालली आणि २०११ मध्ये त्याच भागात तरंगती पवनचक्की उभी राहिली, तिने काही वर्षं वीज दिली. दोन्ही एकाच समुद्रात, पण वेगवेगळ्या वेळी.

मला कॉलेजचा प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू?

एकच जागा घ्या, सगळा किनारा घेऊ नका. वेरावळसमोर पन्नास किलोमीटरवरचा एक बिंदू घ्या, ईआरए-५ चा दहा वर्षांचा तासातासाचा वारा आणि लाट उतरवा, पायथन येत असेल तर दोन-तीन दिवसांचं काम आहे. मग अ‍ॅस्कॅट आणि सरल त्याच बिंदूजवळून गेले तेव्हाचे आकडे घ्या, पन्नास किलोमीटर आणि अर्ध्या तासाच्या आत असतील तेवढेच, आणि किती फरक येतो ते बघा. हैदराबादच्या इन्कॉइसचे, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे, लाट मोजणारे बोये किनाऱ्याला आहेत, त्यांची मोजणी मिळाली तर तीही लावा. एवढं झालं की ऑक्टोबर महिना उघडा, वारा ३ मीटरच्या खाली गेलेले तास वेगळे काढा आणि त्या तासांत लाट काय करत होती ते एका कागदावर काढून मला दाखवा.